वकील दोन्ही पार्ट्यांचे पैसे खातो, यावर १२७५ सालचा इंग्लंडमधला उपाय

नॉर्विचकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त घरचंच आहे. गावाकडे आमची सामाईक जमिनीची केस एकोणीस वर्षं चालली आणि संपल्यावर बाबांना कळलं की आपला वकील मधली दोन-तीन वर्षं समोरच्या चुलतकाकांनाही "सल्ला" देत होता, म्हणजे फी आपल्याकडून घ्यायची आणि आपलीच कैफियत कुठे कच्ची आहे ते तिकडे जाऊन सांगायचं. बाबा म्हणाले जाऊ दे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. मी मात्र इथे नॉर्विचमधे बसून चरफडत होतो आणि चरफडता चरफडता वाचत सुटलो, की हे प्रकार कधीपासून चालू आहेत. तर इंग्लंडात तरी उत्तर असं, की धंदा म्हणून वकिली सुरू झाली आणि पाठोपाठ लगेच तक्रारी सुरू झाल्या.

१२७५ साली पहिल्या एडवर्ड राजाने वेस्टमिन्स्टरचा पहिला कायदा केला. त्याचं कलम २९ सरळ वकिलांवर आहे. राजाच्या कोर्टात कुठल्या सार्जंटने कोर्टाला किंवा पक्षकाराला फसवलं, किंवा फसवायला संगनमत केलं, तर एक वर्ष आणि एक दिवस तुरुंग, आणि बाहेर आल्यावर त्या कोर्टात पुन्हा कोणासाठीही तोंड उघडायचं नाही. आपल्या भाषेत सनद रद्द. गुन्हा त्याहून मोठा असेल तर पुढची शिक्षा राजाच्या मर्जीवर.

(सार्जंट म्हणजे पोलीस नव्हे हां. डोक्याला पांढरी टोपडी बांधून कोर्टात उभा राहून फ्रेंचमधे युक्तिवाद करणारा बडा वकील. हो, फ्रेंचमधे, आणि कोर्टाची नोंद लॅटिनमधे. अशील बिचारा इंग्रजी बोलणारा, म्हणजे स्वतःच्याच केसमधे परका.)

पाच वर्षांनी, १२८० मधे, लंडन शहराने स्वतःचे नियम केले. तेव्हा ग्रेगरी रोक्सली मेयर होता. तक्रार अशी होती की काही कळत नसलेली माणसं वकील म्हणून उभी राहतायत आणि त्यापायी लोक आपले खटले हरतायत. म्हणून तीन कामं वेगळी केली: कोर्टात बोलणारा काउंटर वेगळा, अशिलाच्या जागी उभा राहणारा अटर्नी म्हणजे आपला मुखत्यार वेगळा, आणि तारखा मागणारा एसॉइनर वेगळा. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. आणि बाबांसाठी खास: दोन्ही बाजूंचे पैसे घेतलेला काउंटर सापडला तर तीन वर्षं निलंबित.

अशा माणसाला शब्द होता अँबिडेक्स्टर, म्हणजे दोन्ही हात उजवे असलेला. आपण हल्ली तो शब्द दोन्ही हातांनी सारखंच खेळू शकणाऱ्याबद्दल कौतुकाने वापरतो, इंग्रजीत मात्र आधी तो दोन्ही हातांनी पैसे घेणाऱ्याला शिवी म्हणून होता.

पण वाचता वाचता माझं एक मत झालंय आणि त्यावर तुमच्याशी भांडायला हा धागा काढलाय. माझं म्हणणं, तेव्हाच्या बहुतेक लबाड्या एकट्या वकिलाच्या नव्हत्या, अशिलाला त्याच पाहिजे होत्या. बोला.

टवाळ_पंतोजी

थांबा थांबा. तारखा मागणारा वेगळा माणूस?? नुसता तारीख पाडायचा धंदा? आमच्या तालुक्याच्या कोर्टात हे काम सगळेच फुकटात करतात. जरा इस्कटून सांगा.

नॉर्विचकर

हाहा, सांगतो पंतोजी. एसॉइन म्हणजे गैरहजेरीचं मान्य कारण. वाटेत आजारी पडलो, समुद्रापलीकडे आहे, राजाच्या कामावर आहे वगैरे. प्रतिवादी स्वतः येणार नाही, त्याचा एसॉइनर कोर्टात जाऊन कारण सांगणार आणि पुढची तारीख घेऊन येणार. सगळ्यात भारी कारण अंथरुणाला खिळल्याचं. जमिनीच्या मोठ्या दाव्यात हे कारण दिलं की कोर्ट चार नाइट, म्हणजे प्रतिष्ठित सरदार लोक, त्याच्या घरी बघायला पाठवायचं. त्यांना तो बूट, पट्टा आणि ब्रीचेस (विजार) काढून अंथरुणात पडलेला दिसला पाहिजे. दिसला आणि त्यांना पटलं की खरंच आजारी आहे, तर थेट एक वर्ष आणि एक दिवसाची सवलत.

म्हणजे बघा, लबाड वकिलाला तुरुंग एक वर्ष एक दिवस आणि लबाड अशिलाला अंथरूण एक वर्ष एक दिवस.

त्यात गोम अशी की एकदा खिळलात की खिळलेलंच राहायचं. मधेच उठून शेतावर फिरताना सापडलात तर वादी पकडू शकायचा. त्यामुळे मी जे म्हणतोय ते हेच, इथे वकिलाने काय केलं? अंथरुणात कोण झोपलं?

साखरभात

वाचनखूण साठवली आहे. मला एवढंच विचारायचंय, गरीब माणूस काय करायचा? फी किती असायची?

बिनकोटवाला_वकील

मी मुंबईत प्रॅक्टिस करतो, आणि धाग्याचं नाव वाचूनच बीपी वाढलं होतं, पण लेख चांगला आहे म्हणून लिहितो :)

नॉर्विचकर, तुम्ही मुखत्यार आणि काउंटर यांच्यातला फरक एका ओळीत उडवलात, आणि अशील-वकील नात्याची सगळी गंमत तिथेच आहे. काउंटर जे बोलला ते अशिलाचं म्हणणं आपोआप होत नसे. कोर्ट अशिलाला किंवा त्याच्या अटर्नीला विचारू शकायचं की हा बोलला ते तुला मान्य आहे का, आणि तो म्हणू शकायचा की नाही, हे माझं म्हणणं नाही. झालं, बोललेलं वाया, पण केस शाबूत. काउंटर म्हणजे भाड्याने घेतलेलं तोंड. एखादा बारीक मुद्दा त्याच्या तोंडून टाकून बघायचा, उलटला तर हात झटकायचे.

अटर्नीचं तसं नाही. तो अशिलाच्या *जागी* उभा. त्याने केलं ते अशिलाने केलं. तो तारखेला गेला नाही तर अशील गैरहजर, तो चुकला तर जमीन गेली. म्हणून त्याची नेमणूक कोर्टासमोर व्हायची आणि नोंद ठेवली जायची. स्थानिक कोर्टांत स्वतंत्र माणसाला अटर्नी नेमता येईल हे १२३६ च्या मर्टनच्या कायद्याने दिलं. आपलं वकीलपत्र हे त्याचंच लांबचं भावंड म्हणा.

मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत अगदी परवापरवापर्यंत हीच जोडी होती, सॉलिसिटर अशिलाशी बोलणार आणि तो अॅडव्होकेटला उभा करणार. कायद्यातली ती विभागणी १९७६ च्या दुरुस्तीने गेली. आमचे सीनियर अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात.

आता तुमच्या मुद्द्यावर: शिक्षा कोणाला झाल्या? नेमणूकच नसताना अटर्नी म्हणून उभे राहिलेले, कोर्टाच्या नोंदीत किंवा रिटमधे (म्हणजे खटला सुरू करायच्या राजाच्या हुकमात) खाडाखोड करणारे, असे लोक तुरुंगात गेल्याच्या नोंदी आहेत. बड्या सार्जंटांच्या फार कमी. छोटा मासा जाळ्यात, मोठा बाहेर.

चिकित्सक_मावशी

अशिलालाच लबाडी पाहिजे होती हे मला अजिबात पटलेलं नाही. बिचारा इंग्रजी बोलणारा शेतकरी, कोर्टाची भाषा फ्रेंच, नोंद लॅटिनमधे, तुम्हीच वर लिहिलंय, आणि त्याने लबाडी मागितली? त्याला काय चाललंय ते तरी कळत होतं का? आणि नॉर्विचात राहता तर १४५५ चा नॉरफोकचा कायदा कसा विसरलात? त्यात तर स्वच्छ म्हटलंय की अटर्नी लोक जत्रांत, बाजारात, जिथे चार माणसं जमतील तिथे जाऊन लोकांना उचकवतात, की कर दावा, कर दावा. किरकोळ भांडणं आणि चिल्लर उधारी. आग कोण लावतंय ते बघा.

नॉर्विचकर

मावशी, विसरलो नव्हतो, तो पत्ता राखून ठेवला होता!

तो कायदा म्हणतो की पूर्वी नॉर्विच, नॉरफोक आणि सफोक मिळून सहा नाहीतर आठ अटर्नी होते आणि सगळीकडे शांतता होती, आता ऐंशीच्या वर झालेत. यांना दुसरी कमाई नाही, म्हणून जत्रेत जाऊन भांडणं पेटवतात. उपाय: नॉरफोकला सहा, सफोकला सहा, नॉर्विच शहराला दोन. बास. एकूण चौदा. त्याला राजाची मंजुरीही न्यायाधीशांना योग्य वाटलं तर, अशी अट घालूनच मिळाली.

आता त्याच कायद्यातलं पुढचं वाक्य बघा. त्यात म्हटलंय की हे छोटे खटले खरं म्हणजे जहागीरदारांच्या गावकोर्टांत चालायला हवेत. म्हणजे कोणाचं दुखत होतं? जहागीरदाराच्या कोर्टाचा दंड आणि फी जहागीरदाराच्या खिशात. कूळ वेस्टमिन्स्टरला गेलं की ते उत्पन्न बुडालं, शिवाय आपलं कूळ आपल्याला सोडून राजाच्या कोर्टात जातं ही बेअदबी वेगळीच. तेव्हा ती तक्रार सोळा आणे खरी धरू नका. मला तर वाटतं त्या ऐंशीतले निम्मे असे होते की ज्यांच्यामुळे साध्या माणसाला पहिल्यांदा मोठ्या कोर्टाचं दार दिसलं. (हे माझं वाटणं आहे, पुरावा मागू नका.)

साखरभात, फीचं: पंधराव्या शतकात सार्जंटची रूढ फी ४० पेन्स, म्हणजे ३ शिलिंग ४ पेन्स. अटर्नीची २० पेन्स एका सत्राला, आणि वर्षात सत्रं चार. साधा मजूर तेव्हा दिवसाला ४ पेन्स मिळवायचा, म्हणजे सार्जंटला एकदा उभं करायचं तर दहा दिवसांची मजुरी. शिवाय रिटचे पैसे, कारकुनांचे पैसे, लंडनला जायचा खर्च. अगदी कफल्लक माणसासाठी १४९५ मधे सातव्या हेन्रीने कायदा केला, त्यात रिट फुकट आणि वकीलही कोर्टाने नेमून द्यायचा. तोवर ज्याचं नाणं त्याचं गाणं.

आणि श्रीमंत अशील काय करायचे? वर्षाला ठरावीक रक्कम देऊन वकील बांधून ठेवायचे. मठ, शहरं, सरदार, सगळे. वरून कपडेही. याचा खरा उपयोग कशाला, तर तो वकील *समोरच्याला* मिळू नये म्हणून. कोर्टात मूठभर सार्जंट, त्यातले चांगले तुम्ही बांधून ठेवलेत, तर गरीब शेजाऱ्याने कोणाला उभं करायचं? हा गैरप्रकार वकिलाचा की अशिलाचा, सांगा मावशी.

चिकित्सक_मावशी

पैसे घेतले कोणी, ते आधी सांगा.

टवाळ_पंतोजी

मावशी १, नॉर्विचकर ०. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हौशी_बखरकार

या धाग्यावर विल्यम पॅस्टन अजून कसा आला नाही? नॉरफोकचाच. बाप साधा शेतकरी, पोराला कायदा शिकवला, पोरगा १४२१ मधे सार्जंट आणि १४२९ मधे न्यायाधीश. १४३४ च्या सुमाराला विल्यम डॉलिंग नावाच्या माणसाने पार्लमेंटकडे अर्ज केला, की हा न्यायाधीश असून गावागावाकडून वार्षिक फी खातो. यादीच दिली: यारमथ शहराकडून ५० शिलिंग, लिन शहराकडून ४०, नॉर्विचच्या मठाच्या प्रमुखाकडून ४०, आणखी दोन-चार मठ २०-२० शिलिंग. शिवाय एका बाईकडून १० मार्क (एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स), तेही राजाच्याच हक्काविरुद्ध सल्ला द्यायला! आरोप आहेत हां, सिद्ध झालेले नाहीत, आणि पॅस्टनचं त्याने काही वाकडं झालं नाही. पण यादी इतकी तपशीलवार आहे की हवेतून आली असेल असं वाटत नाही.

वरचा मजुरीचा हिशोब लावला तर यारमथचे ५० शिलिंग म्हणजे मजुराचे दीडशे दिवस. एका शहराकडून. वर्षाला.

याच घराण्याचा पुढचा किस्सा त्याहून रंगतदार. मुलगा जॉन पॅस्टन, तोही कायदा शिकलेला, सर जॉन फास्टोल्फ या गडगंज म्हाताऱ्याचा सल्लागार झाला. फास्टोल्फ नोव्हेंबर १४५९ मधे गेला, आणि मग जॉनने सांगितलं की मरायच्या दोन दिवस आधी म्हाताऱ्याने मृत्युपत्र बदललं आणि केस्टरच्या किल्ल्यासकट नॉरफोक-सफोकच्या जमिनी मला ठेवल्या, बदल्यात मी पुरोहितांचं एक कॉलेज काढायचं आणि ४००० मार्क भरायचे. बाकीचे व्यवस्थापक चिडले, त्यातला विल्यम येल्व्हर्टन तर स्वतः न्यायाधीश. भांडण इतकं लांबलं की जॉन मधे तुरुंगाच्या वाऱ्या करून मेला, आणि १४६९ मधे नॉरफोकच्या ड्यूकने किल्ल्याला सैन्य घेऊन वेढाच घातला. म्हाताऱ्याचा सल्लागारच त्याचा वारस! नॉर्विचकर, तुम्ही म्हणता अशिलाला पाहिजे होतं, इथे अशील तर मेलेला.

नॉर्विचकर

बखरकार, दंडवत. केस्टर इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, अजून उंच बुरूज उभा आहे, खंदकात पाणी आहे. मागे गेलो होतो तेव्हा मला फक्त "छान किल्ला" एवढंच कळलं होतं, लाज वाटतेय.

फास्टोल्फच्या बाबतीत माझी बाजू लंगडी आहे, मान्य.

बिनकोटवाला_वकील

अशिलाला दाद मिळायची का, यावर एक खटला सांगतो, १४३३ चा, सॉमर्टनचा. त्याने एक मॅनर, म्हणजे जहागीर म्हणा, मिळवायला कायद्याचा सल्लागार नेमला. सल्लागाराने काय केलं, अशिलाचं गुपित तिसऱ्याच माणसाला सांगितलं, त्याच्या बाजूला जाऊन बसला आणि जहागीर त्याला मिळवून दिली. सॉमर्टनने दावा लावला फसवणुकीचा. कोर्टाने दावा चालू शकतो असं धरलं. यातली मेख अशी की नुसतं काम केलं नाही एवढ्यावर दावा टिकवणं तेव्हा अवघड होतं, पण विश्वासाने सांगितलेलं उघड करून उलटला, ही *फसवणूक*. नॉर्विचकर, तुमच्या बाबांची केस शब्दशः ही आहे.

आणि उलटही व्हायचं बरं का. अशील फी बुडवायचे. पंधराव्या शतकात अटर्नींनी आपल्याच अशिलांवर थकलेल्या फीसाठी लावलेले दावे ढिगाने आहेत. बॅरिस्टरने फीसाठी दावा लावायचा नाही ही इंग्लंडची ऐट बरीच नंतरची.

१४०२ च्या कायद्याबद्दलही लिहा कोणीतरी. अटर्नीची न्यायाधीशांनी परीक्षा घ्यायची, चांगल्या चालीचे असतील त्यांचीच नावं पटावर चढवायची, शपथ द्यायची, आणि गैरप्रकार सापडला तर राजाच्या कुठल्याही कोर्टात पुन्हा घ्यायचं नाही. त्याआधी १२९२ मधे एडवर्डने न्यायाधीश जॉन मेटिंगहॅम आणि त्याच्या सोबत्यांना प्रत्येक काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, चांगली माणसं निवडायला सांगितलं होतं, सगळ्या देशाला १४० पुरेत असा अंदाज. एकशे चाळीस! आमच्या कोर्टाच्या कँटीनमधे दुपारी याहून जास्त असतात.

साखरभात

मग केस जिंकली तर अर्धी जमीन वकिलाला, असले सौदे तेव्हा चालायचे का? सिनेमात बघितलंय.

बिनकोटवाला_वकील

चालायचे म्हणूनच तर बंदी आली. दाव्यातला वाटा घेऊन केस लढवणं म्हणजे चँपर्टी, आणि स्वतःचा संबंध नसताना दुसऱ्याच्या केसला बळ देणं म्हणजे मेंटेनन्स. १२७५ च्याच कायद्यात राजाच्या अधिकाऱ्यांना वाट्याचा सौदा मनाई, १३०० मधे मनाई आणखी रुंद केली. कारण तेव्हाचा दांडगा सरदार गरिबाचा कच्चा दावा विकत घ्यायचा आणि आपल्या माणसांच्या जोरावर पक्का करून दाखवायचा.

भारतात गंमत वेगळी. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, १८७६ मधे सांगितलं की इंग्लंडचा चँपर्टीचा कायदा इथे जसाच्या तसा लागू नाही. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मधे राज्याची दुरुस्ती आहे, त्यात दाव्याला पैसा पुरवणाऱ्या तिसऱ्या माणसाचा उल्लेखच आहे. वकिलाला मात्र वाटा घ्यायला सक्त मनाई, ती बार कौन्सिलच्या नियमात.

हौशी_बखरकार

अवांतर: न्यायाधीश तरी कुठे धुतल्या तांदळाचे होते. एडवर्ड तीन वर्षं फ्रान्सकडे होता, १२८९ मधे परत आला तर तक्रारींचा ढीग. कॉमन बेंचचा, म्हणजे दिवाणी दाव्यांच्या राजाच्या कोर्टाचा, मुख्य न्यायाधीश थॉमस वेलँड, आपल्या खुनी नोकरांना आसरा दिल्याच्या आरोपावरून पळाला आणि बरी सेंट एडमंड्सजवळच्या फ्रान्सिस्कन मठात भिक्षूच्या वेषात लपला. राजाच्या माणसांनी मठाची रसद तोडली. शेवटी शरण आला आणि देश सोडायची शपथ घेऊन, हातात क्रॉस धरून, अनवाणी डोव्हर बंदरावर. राल्फ हेंगहॅमला जबर दंड, पण १३०१ मधे तो पुन्हा मुख्य न्यायाधीश! आणि विल्यम थॉर्प, १३५० मधे लाच घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा, पुढच्या वर्षी माफी, १३५२ मधे पुन्हा न्यायाधीशाच्या खुर्चीत.

टवाळ_पंतोजी

म्हणजे निलंबन, चौकशी, आणि मग पुन्हा जैसे थे. हे तर ओळखीचं वाटतंय.

चिकित्सक_मावशी

लोकांचा राग कुठे निघाला तेही लिहा की. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात मुख्य न्यायाधीश कॅव्हेंडिशचं मुंडकं उडवून बरी सेंट एडमंड्सला टांगलं, आणि लंडनला टेंपल या वकिलांच्या वस्तीत त्यांचे कागद जाळले. तिथे जमलेल्या शेतकऱ्यांना विचारा की लबाडी कोणाला पाहिजे होती म्हणून. १४०४ मधे तर चौथ्या हेन्रीने वकिलांना पार्लमेंटलाच येऊ दिलं नाही.

नॉर्विचकर

मावशी, ते १४०४ चं मूळ १३७२ मधे आहे आणि ते माझ्या बाजूचं आहे! तेव्हा नियम झाला की राजाच्या कोर्टात धंदा करणाऱ्या वकिलाला काउंटीचा प्रतिनिधी म्हणून निवडायचं नाही, कारण हे लोक आपल्या *अशिलांची* खाजगी कामं सगळ्या लोकसभेचा अर्ज म्हणून पुढे सरकवतात. कोणाची कामं? अशिलांची. पण कॅव्हेंडिशवर माझ्याकडे उत्तर नाही. जे जाळत होते त्यांच्याकडे वकील लावायला पैसेच नव्हते. म्हणजे मी "अशील" म्हणतोय ते बहुतेक पैसेवाले अशील, एवढी दुरुस्ती करतो.

आत्ता बाबांना फोनवर सॉमर्टनची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, त्या सॉमर्टनला जहागीर परत मिळाली का? म्हटलं दावा चालू शकतो एवढं कोर्ट म्हणालं. तर म्हणे, म्हणजे अजून तारखाच चालू असतील.

टवाळ_पंतोजी

बाबांना माझा साष्टांग.